छातीतला खड्डा

माझ्या छातीतल्या खड्ड्यात अर्धी वाटी पाणी मावायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कृष्णेत पोहून झालं की मी घाटाच्या पायरीवर उताणा पडायचो आणि धाकटा भाऊ ओंजळीनं त्यात पाणी ओतायचा. एकदा त्यानं घरून वाटी आणून मापही घेतलं. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, दोघांनाही गंमत वाटायची. चौदाव्या वर्षी मी नदीवर जाणं बंद केलं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीपासून जवळ. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबून माणसं येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. आमच्याकडची पोरं उघड्या अंगानं त्यात उतरतात. मी बनियन घालून उतरायचो. ओलं बनियन अंगाला चिकटलं की खड्डा जास्तच उठून दिसतो हे लक्षात आल्यावर वर शर्टही ठेवायला लागलो.

या व्यंगाला डॉक्टर पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. छातीच्या मधलं हाड दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना कूर्चांनी, म्हणजे लवचीक मऊ हाडांनी, जोडलेलं असतं. त्या कूर्चा वाकड्या वाढल्या की मधलं हाड आत जातं. तीनशे-चारशे मुलांमागे एखाद्याला हे असतं, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त. जन्मतः खळी दिसते तेवढीच, पण वयात येताना उंची झपाट्यानं वाढते तेव्हा ती खोल होत जाते. माझं तेच झालं. आठवीत मी वर्गात मधल्या रांगेत उभा राहायचो, दहावीत सगळ्यात मागे, आणि तेवढ्या काळात खळीचा खड्डा झाला. खांदे पुढे आले, पोक आलं. घरात सगळे म्हणायचे, ताठ बस. ताठ बसलं की शर्टाला आत वळी पडायची, म्हणून मी वाकूनच बसायचो.

आईनं याचं कारण स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मी तान्हा असताना गावातली एक म्हातारी मला रोज तेल लावून न्हाऊ घालायची. तिनं छाती जोरानं दाबली, पोरगं रडत होतं आणि आपण तिला थांबवलं नाही, असं आईच्या मनात बसलं होतं. हे ती कुणाला सांगत नव्हती. त्या म्हातारीच्या दारावरून जाताना ती पदर पुढे ओढून सरळ निघून जायची, एवढंच आम्ही बघायचो.

सहावीत असताना मला ताप आणि खोकला झाला. छातीचा फोटो काढला तर उजव्या बाजूला डाग दिसला. औषधं झाली, ताप गेला, पण दुसऱ्या फोटोत डाग तिथंच. पुन्हा औषधं. आज मी स्वतः जयसिंगपूरला एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम करतो, त्यामुळे तो डाग काय होता ते मला कळतं. मधलं हाड आत गेलं की हृदय डावीकडे सरकतं, आणि समोरून काढलेल्या फोटोत हृदयाची उजवी कड पुसट होते. ती न्यूमोनियासारखी दिसू शकते. त्या दिवशी एक फोटो बाजूनं काढला असता तर हाड किती आत गेलंय ते लगेच दिसलं असतं. मला कुणावर राग काढायचा नाही. पण समोरच्या फोटोवर थांबू नका, हे मी आज भेटेल त्याला सांगतो.

बारावीनंतर, २०१८ मध्ये, मी पोलीस भरतीच्या तयारीसाठी अकॅडमीत नाव घातलं. पहाटे पाचला मैदान. पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटरनं वाढावी लागते. सरांनी टेप लावला. न फुगवता ८०. फुगवून ८३. त्यांनी परत घे म्हटलं, मी डोळे बाहेर येईपर्यंत श्वास ओढला, टेप ८३ च्या पुढे सरकला नाही. मागे पोरांची रांग होती. सरांनी वहीत आकडा लिहिला आणि काही बोलले नाहीत.

सोळाशे मीटर धावताना पहिल्या दोन फेऱ्या मी सगळ्यांबरोबर असायचो. तिसरीत काळीज गळ्याशी येऊन धडधडायला लागायचं. पाय चालत असायचे, पायांत ताकद असायची, पण आत हवा घ्यायला जागाच नाही असं वाटायचं. सर म्हणायचे, दम कमी आहे, सराव वाढव. मी वाढवला. जिमला लागलो, छातीचे व्यायाम केले. दोन्ही बाजूंचे स्नायू वर आले आणि मधला खड्डा आणखी खोल दिसायला लागला. पाठीचे आणि पोक घालवणारे व्यायाम चांगले, ते सगळ्यांनी करावेत, पण व्यायामानं आत गेलेलं हाड वर येत नाही.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी शर्ट वर करायला सांगितला, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, काळजी करू नकोस." ना टेप, ना फोटो. या एका वाक्यावर माझे बरेच महिने गेले. कारण मला ते ऐकायचंच होतं. दिसण्याचा प्रश्न असेल तर शर्ट घातला की संपतो.

मे २०१९ मध्ये आत्याच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे हळदीत नवरदेवाला सोडून बाकीच्यांनाही धरतात, शर्ट ओढतात, हळद फासतात. मला दोघांनी धरलं आणि शर्टाची बटणं तुटली. मी तसाच पळत आतल्या खोलीत गेलो. तिथं आत्याची मुलगी, माझी ताई, दागिन्यांचा डबा घेऊन बसली होती. ती मिरजेला नर्स आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, उठून दार लावलं आणि विचारलं, "हे किती वर्षं असं लपवतोयस?" मग तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. ठोके नेहमीच्या जागेवर लागले नाहीत, तिला हात डावीकडे बगलेच्या बाजूला न्यावा लागला. ती म्हणाली, लग्न उरकलं की आपण पुण्याला जायचं.

पुण्यातल्या त्या रुग्णालयात छातीच्या सर्जननी पहिल्या दिवशी ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी तपासण्यांचा कागद दिला. सीटी स्कॅन, हृदयाची इको, फुप्फुसांची फुंकण्याची तपासणी, ट्रेडमिल. हाताची लांबी मोजली, मनगटं आणि बोटं वाकवून बघितली, डोळे तपासायला पाठवलं, कारण उंच, सडपातळ माणसाच्या छातीत असा खड्डा असेल तर मार्फन नावाचा आजार नाही ना हे बघावं लागतं. त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगत जाते, आणि ते आधी कळणं जीवनमरणाचं असतं. मला तो नव्हता.

मग आकडा आला. स्कॅनवर छातीची आतली रुंदी २७.६ सेंटिमीटर. मधल्या हाडाची मागची कड ते मणक्याची पुढची कड, ६ सेंटिमीटर. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. ४.६. याला हॅलर इंडेक्स म्हणतात, १९८७ पासून वापरात असलेलं माप आहे. साधारण माणसात तो अडीचच्या आसपास असतो, ३.२५ च्या पुढे गेला की खड्डा गंभीर धरतात आणि शस्त्रक्रियेचा विचार होतो. इकोमध्ये हृदयाचा उजवा कप्पा हाडाखाली दबलेला दिसत होता. सर्जननी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, "तू धावतोस तेव्हा याला फुगायला जागा हवी असते. ती इथं नाही." तिसऱ्या फेरीत गळ्याशी येणारं काळीज मला त्या स्क्रीनवर दिसलं. मी आळशी नव्हतो, घाबरट नव्हतो, माझा सराव कमी पडत नव्हता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोजून सांगितलं होतं.

निघताना आई दारात थांबली. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं विचारलं, "डॉक्टर, तान्हं असताना तेल लावताना दाबलं म्हणून झालं का हे?" सर्जन खुर्चीतून उठले. म्हणाले, "नाही आई. मालिशनं असं होत नाही. हे वाढीतलं आहे, कुणाच्या हातानं झालेलं नाही." मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का, बऱ्याच घरांत एकापेक्षा जास्त जणांना असतं. तेव्हा आईला तिचा भाऊ आठवला. मामाच्या छातीतही बारीकशी खळी आहे, ती आम्ही सगळ्यांनी बघितलेली होती आणि कधी मनात जोडली नव्हती.

स्वारगेटला गाडीची वाट बघत बसलो होतो. आई म्हणाली, "एकोणीस वर्षं मी त्या म्हातारीशी नीट बोलले न्हाई." गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती तिच्याकडे गेली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. परत आली तेव्हा तिच्या ओच्यात म्हातारीनं दिलेल्या शेवग्याच्या शेंगा होत्या.

ऑपरेशन त्याच दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये महापूर आला. घरात पुरुषभर पाणी होतं, ऊस कुजला, भिंत पडली. जमवलेले पैसे घर उभं करण्यात गेले. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि ज्यांना थांबता येतं अशी सगळी ऑपरेशनं थांबली. दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात मी या विषयावर जेवढं समजून घेता येईल तेवढं घेतलं.

उपायांचे तीन रस्ते असतात. खड्डा उथळ आणि मूल लहान असेल, छाती लवचीक असेल, तर बाहेरून लावायचा निर्वात पेला असतो. छातीवर ठेवून आतली हवा काढतात, हाड वर ओढलं जातं, रोज काही तास असं महिनोन्‌महिने करावं लागतं. माझ्या वयाला आणि आकड्याला त्याचा उपयोग थोडा. दुसरी, रॅविच यांनी १९४९ मध्ये मांडलेली उघडी शस्त्रक्रिया. छाती समोरून उघडून वाकड्या कूर्चा काढायच्या आणि हाड सरळ बसवायचं. तिसरी, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकचे बालशल्यविशारद डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा केली आणि दहा वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. यात कूर्चा कापत नाहीत, हाड तोडत नाहीत. दोन्ही बगलांखाली छोटे छेद घेऊन धातूची वाकवलेली पट्टी हाडाखालून सरकवायची आणि उलटी फिरवायची. हाड उचललं जातं. पट्टी दोन-तीन वर्षं आत ठेवायची, तोवर छाती नव्या आकारात बसते, मग पट्टी काढून टाकायची. लहान वयात छाती मऊ असते म्हणून सोपं जातं. विशीत दुखणं जास्त आणि बऱ्याचदा एकाऐवजी दोन पट्ट्या लागतात. मला दोन लागल्या.

पट्टी साधारणपणे स्टेनलेस स्टीलची असते आणि त्यात निकेल असतं. सर्जननी विचारलं, पट्ट्याच्या बक्कलनं किंवा जीन्सच्या बटणानं पोटाला कधी खाज येते का? येत होती, चट्टे उठायचे, मी ते घामानं होतं असं समजत होतो. पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या, निकेलची अ‍ॅलर्जी निघाली. म्हणून टायटॅनियम. ते ऑपरेशनच्या टेबलावर हवं तसं वाकवता येत नाही, स्कॅनच्या मापावरून आधीच वाकवून मागवावं लागतं. खर्च वाढला. पण हा प्रश्न विचारला गेला नसता तर पट्टी आत गेल्यावर जखम चिघळली असती आणि कारण शोधत बसलो असतो. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा.

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यातला त्रास आठवला की अजून जीव जळतो. आमची कौटुंबिक पॉलिसी होती. कॅशलेसची मंजुरी नाकारली. कारण दिलं, बाह्य जन्मजात व्यंग, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया. विम्याच्या भाषेत जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार असतात, शरीराच्या दिसणाऱ्या भागातलं ते बाह्य आणि न दिसणाऱ्या भागातलं ते आंतरिक. खड्डा दिसतो, दबलेलं हृदय दिसत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोसायटीतून कर्ज काढलं आणि आम्ही पुढे गेलो. नंतर ताईनं सर्जनकडून पत्र लिहून घेतलं, हॅलर इंडेक्स किती, उजवा कप्पा किती दबलेला, ट्रेडमिलवर काय झालं, सगळं आकड्यांत. तक्रार निवारण विभागाकडे तीन वेळा पाठवलं. सात महिन्यांनी काही रक्कम मिळाली. हे पत्र ऑपरेशनच्या आधीच घ्यावं.

फेब्रुवारी २०२१. आरटीपीसीआर करून दाखल झालो, सोबत एकालाच राहता येत होतं, आई राहिली. आदल्या रात्री भूलतज्ज्ञ येऊन बसले. पाठीत कण्याजवळ एक बारीक नळी बसवतील, तिच्यातून औषध जात राहील, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस सुसह्य जातील. काही ठिकाणी आता बरगड्यांखालच्या नसा गोठवून काही आठवडे ते काही महिने बधिर करतात, त्यानं दुखणं बरंच कमी होतं. मला ती सोय मिळाली नाही. मी विचारलं, सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता? दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जननी सरळ उत्तर दिलं. हाड आणि हृदय यांच्यामधून वाट काढतानाचा. त्यासाठी बगलेतून कॅमेरा घालतात आणि बघत बघत पुढे जातात. उत्तर ऐकून मला भीती वाटली आणि त्यांच्यावर विश्वासही बसला.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा वजन जाणवलं. उसाची ओली मोळी छातीवर टाकल्यासारखं, पण ती आतून बाहेर रेटतेय असं. खोल श्वास घेता येत नव्हता. आईनं पांघरूण जरा खाली केलं आणि तशीच थांबली. मला मान उचलता येत नव्हती. मी विचारलं, कसं दिसतंय? ती म्हणाली, "सपाट." मग पुन्हा म्हणाली, "सपाट हाय रं."

पहिले तीन दिवस नळीनं सांभाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी उभं केलं, दाराशी नेऊन आणलं. ओढलेल्या श्वासानं आतले तीन चेंडू वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र दर तासाला ओढायचं. पहिल्या दिवशी एक चेंडूसुद्धा हलेना. श्वास दुखतो म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाचा तळ बंद पडतो आणि न्यूमोनिया होतो, म्हणून दुखलं तरी ओढायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. शिंक येऊ लागली की मला घाम फुटायचा. वेदनेच्या औषधांनी पोट पाच दिवस साफ झालं नाही आणि त्याचाही त्रास कमी नव्हता. पहिल्या दिवसापासून त्यासाठी औषध मागून घ्या, लाजू नका.

चौथ्या दिवशी पाठीतली नळी काढली आणि गोळ्या सुरू केल्या. ती रात्र माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. दोन्ही बगलांखाली, पट्टीची टोकं जिथं बरगड्यांना बांधली होती तिथं, कुणीतरी पहार घालून उचकटतंय असं वाटत होतं. रात्री दोनला मी आईला म्हणालो, काढून टाकायला सांग यांना, मला नको. आई म्हणाली, "सकाळपर्यंत थांब. सकाळी सांगते." सकाळी गोळ्यांचं वेळापत्रक बदललं, दुखायला लागायच्या आधीच गोळी द्यायला सुरुवात केली, आणि तो विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. दुखणं चढल्यावर गोळी मागितली तर ती पुरत नाही. घड्याळ लावून घ्यायची, हे मला तेव्हा कळलं.

आठव्या दिवशी सोडलं. लगेच गावी जायला मनाई होती, म्हणून पंधरा दिवस पुण्यात नात्यातल्यांकडे राहिलो, मग गाडी करून निघालो. सीटबेल्टखाली उशी. कराडपर्यंत ठीक गेलं, आतल्या रस्त्याला लागल्यावर प्रत्येक गतिरोधकाला आप्पा ड्रायव्हरला म्हणायचे, "हळू रं, हळू." एरवी ते कुणाला दोनदा सांगत नाहीत.

घरी सहा आठवडे पाठीवर झोपायचं. कुशीवर नाही, वळायचं नाही, हात टेकून उठायचं नाही, कुणीतरी मानेमागे आणि पाठीमागे हात घालून उठवायचं. पाण्याची कळशी, बादली, काहीही उचलायचं नाही. मोटारसायकल नाही. ही बंधनं पट्टी सरकू नये म्हणून असतात. सरकली तर पुन्हा ऑपरेशन. बघायला येणारे लोक विचारायचे, लोखंड घातलंय म्हणं छातीत? आई प्रत्येकाला टायटॅनियम असं नीट सांगायची, तो शब्द तिनं पाठ केला होता. चालणं मात्र रोज वाढवायचं होतं. पहिल्या आठवड्यात अंगणात, मग मळ्यापर्यंत. दोन महिन्यांनी दुखणं मागे पडलं, आतला ताण राहिला, तोही हळूहळू अंगवळणी पडला.

जुलैमध्ये पुन्हा पूर आला. पाचच महिने झाले होते. सर्जनना फोन केला, त्यांनी सांगितलं, स्वतः चालत बाहेर पड, जड काही उचलू नकोस. आप्पांनी आणि भावानं धान्याची पोती, पेट्या, शेवटी टीव्ही डोक्यावरून नेला. मी फायलींची पिशवी आणि माझ्या स्कॅनची फिल्म घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो. एकवीस वर्षांचा मुलगा बसलाय आणि बाप पोती वाहतोय, हे बघणाऱ्यांना दिसत होतं. शर्टाच्या आतलं दिसत नव्हतं. खड्डा लपवताना जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं त्या दिवशी गेलं.

पट्ट्या तीन वर्षं होत्या. खिशात एक कार्ड असायचं. छातीत पट्टी असली तरी हृदय बंद पडलं तर छाती दाबायचीच, जास्त जोरानं दाबायची, आणि शॉक द्यायचा झाला तर एक पॅड पुढे आणि एक पाठीला लावायचं, असं त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात जाताना यंत्राच्या चौकटीतून जाताना धास्ती वाटायची. ते कधी वाजलं नाही.

मार्च २०२४ मध्ये पट्ट्या काढल्या. जुन्याच व्रणांवर छेद, एक रात्र मुक्काम. पहिल्या वेळच्या मानानं काहीच नाही. पट्ट्या धुऊन पुडीत घालून दिल्या. आई त्या कपाटात, सोन्याच्या डबीशेजारी ठेवते.

आता लोक विचारतात, फरक पडला का? खरं तेच सांगतो. फुंकण्याच्या तपासणीतले आकडे थोडेच सुधारले, आणि हे असंच होतं हे सर्जननी आधी सांगितलं होतं. इकोमध्ये उजवा कप्पा मोकळा दिसतो. पट्ट्या निघाल्यावर सहा महिन्यांनी मी त्याच मैदानावर सोळाशे मीटर धावलो. वेळ जुन्यापेक्षा चाळीस सेकंदांनी कमी आला. त्याहून मोठं म्हणजे तिसऱ्या फेरीत काळीज गळ्याशी आलं नाही, पाय दमले, जसे सगळ्यांचे दमतात तसे. भरतीचा नाद मात्र मी मधल्या वर्षांतच सोडला. त्या पहिल्या स्कॅनच्या खोलीत काचेपलीकडे बसलेला माणूस काय करत होता हे मला कळून घ्यायचं होतं, म्हणून एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला.

गेल्या महिन्यात आमच्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला. खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायला पाठवलेला. मी शर्ट काढायला सांगितलं तर त्यानं आईकडे बघितलं आणि कॉलर मुठीत धरली. मला कळलं. मी दार लावून घेतलं, माझ्या शर्टाची बटणं काढली आणि हात वर करून बगलेखालचे दोन्ही व्रण त्याला दाखवले. त्याच्या आईनं विचारलं, लहानपणी तेल लावताना दाबल्यामुळं का हो? मी नाही म्हणालो. परत एकदा नाही म्हणालो. तिला खुर्ची दिली.

मुलानं शर्ट काढला. खड्डा माझ्या त्या वयातल्यापेक्षा उथळ होता. समोरून फोटो काढला, मग पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून बाजूनंही काढायची परवानगी घेतली. कपडे घालता घालता त्यानं विचारलं, ऑपरेशन झाल्यावर पोहता येतं का?

येतं, मी म्हणालो. साधारण तीन महिन्यांनी. पण तुला कदाचित ऑपरेशन लागणारही नाही. आधी मोजून घेऊ.